देवमनरावांची अट

“वरच्या चार ओळी उडव अन् तथी आपलं नाव टाक,” कुलदीप म्हणाला. “कोन पायते?”

“मी पाहते,” शाइस्ता म्हणाली आणि टाइप करत राहिली.

यात चुकीचं काय, हे कुलदीपला खरंच कळत नव्हतं. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं त्यानं अशीच काढली होती. वरच्या वर्गातल्या पोराचा प्रोग्रॅम घ्यायचा, माथ्यावरचं त्याचं नाव पुसायचं, आपलं घालायचं आणि सरांची सही आणायची. सरांनीही त्यांच्या काळी तेच केलेलं असल्यामुळे सही चटकन मिळायची. कुलदीपच्या लेखी ही चोरी नव्हती, वारसा होता. त्याच वारशाच्या बळावर त्यानं अकोल्याला जठारपेठेत, एका पिको-फॉलच्या दुकानाच्या माडीवर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कंपनीत तो, शाइस्ता आणि इन्व्हर्टर असे तिघं होते. त्यातला इन्व्हर्टर दुपारी बसायचा आणि कुलदीप दुपारी उठायचा, त्यामुळे कंपनी कोण चालवतं हे वेगळं सांगायला नको.

ज्या ओळींवरून हे चाललं होतं त्या कैलासवासी देवमनरावांच्या होत्या. देवमनराव बाळापूर तालुक्यातल्या सावरखेडचे, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त माणूस एक तर गुडघे सांभाळतो, नाही तर नातवंडं. देवमनरावांनी संगणक घेतला आणि शेतातली वऱ्हाडी बोली गोळा करायला लागले. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, कुटार म्हणजे भुसा, धुरा म्हणजे बांध, डवरण म्हणजे कोळपणी. किडींची नावं, रोगांची नावं, एकाच रोगाला तीन गावांत पडलेली तीन नावं आणि त्यावरून झालेली भांडणं, सगळं माणसांच्या आवाजासकट. ते त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आणि माथ्यावर आपली अट घातली: ‘हे शब्द कोनीबी घ्या, वापरा, लोकायले वाटा. पन विकू नका.’ पुढच्या हिवाळ्यात ते गेले. अट राहिली.

त्या शब्दांवर शाइस्तानं ‘शेतकान’ उभा केला होता. शेतकऱ्यानं धुऱ्यावर उभं राहून झाडावर जे दिसतं ते आपल्या बोलीत फोनला सांगायचं. फोन उलट एकदोन गोष्टी विचारायचा आणि कोणती कीड आहे, फवारा लागेल की नाही, ते सांगायचा. बहुतेक वेळा तो म्हणायचा, “फवारू नका. दोन दिवस थांबा.” एखादा शब्द अडला तर शहाण्याचं सोंग न आणता सरळ कबूल करायचा: “हा शब्द मला माहीत नाही. शिकवायचा असेल तर एक दाबा.” एवढा प्रामाणिकपणा आपल्या कंपनीच्या मालात कुठून आला याचं कुलदीपला आश्चर्य वाटत असे.

मात्र आवाज ऐकून त्याचे शब्द करणारा भाग त्यांचा नव्हता. तो जगभरच्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी मिळून केला होता आणि फुकट वाटला होता. त्यांचीही अट होती: आम्हाला घ्या, जोडा, हवं तर विकासुद्धा, पण ज्याच्यात आम्हाला घालाल ते सगळं असंच मोकळं ठेवा आणि वर स्वतःची एकही जादा अट लावू नका.

म्हणजे एक म्हणतो विकू नका, दुसरा म्हणतो विकू नका असं म्हणू नका. दोघंही सज्जन. दोघंही फुकट देणारे. अडचण एवढीच, की हे दोन सज्जन एका घरात नांदू शकत नव्हते.

हे भांडण उकरून काढलं होतं प्रणालीताईंनी. अमरावतीच्या राजापेठेत त्यांची वकिली होती, दोन ट्यूशन क्लासच्या मधे. एका भिंतीतून त्रिकोणमिती ऐकू यायची, दुसरीतून इंग्रजी व्याकरण, आणि पक्षकाराला वाटायचं आपली केस शिकवून राहिले. शेतकऱ्यांची एक कंपनी पेरणीआधी आपल्या सभासदांच्या फोनमध्ये शेतकान घालणार होती, त्या कंपनीच्या त्या सल्लागार. शाइस्ता त्यांच्यासमोर बसली तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला. त्यावरूनच बातमी वाईट आहे हे कळलं.

“सभासदांकडून वर्गणी घेऊन हे देणार, म्हणजे विकलंच की नाही?” त्या म्हणाल्या. “बरं, फुकट दिलं तरी सुटका नाही. ऐकणाऱ्या भागाला शेजारी कोणतीच अट खपत नाही. दोघांतला एक काढा, नाही तर एकाची अट बदलून आणा. जगभरच्या लोकांच्या सह्या काही तुम्ही आणणार नाही. सावरखेड जवळ आहे.”

ऐकणारा भाग काढला तर शेतकान बहिरा होणार होता आणि शब्द काढले तर परका. शाइस्तानं विचारलं, नाहीच जमलं तर कंपनी काय करेल. तेव्हा प्रणालीताईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि सांगितलं की एका औषधविक्रेत्यानं त्याचा अ‍ॅप फुकट देऊ केला आहे.

तो अ‍ॅप शाइस्तानं पाहिला होता. त्याला पऱ्हाटीचा कोणताही फोटो दाखवला की तो एकच सांगायचा: फवारा. एकदा तिनं मुद्दाम म्हशीचा फोटो दाखवला. त्यालाही त्यानं दोन औषधं लिहून दिली.

तिला हसू आलं नव्हतं. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली आणि माणसं घाबरून मिळेल ते फवारत सुटली. तिचा भाऊ फरदीन रोजानं फवारायला जायचा. एका दुपारी तो पंपासकट पऱ्हाटीच्या ओळीतच आडवा झाला. दवाखान्यातून परत आला, पण अजून त्याच्या डोळ्यांतून पाणी गळतं आणि सुईत दोरा ओवता येत नाही. पुढच्या गावातल्या शेतकऱ्यानं मागाहून सांगितलं, त्या वावरात तेव्हा फवारायची गरजच नव्हती. हे आधी सांगणारं कोणी असतं तर, एवढ्या एका वाक्यावर शाइस्ता शेतकान बांधत होती.

म्हणून ती त्याच दिवशी अमरावतीहून परतताना बाळापूरला घरी न उतरता पुढच्या ऑटोनं सावरखेडला गेली.

देवमनरावांच्या बायको दुर्गाबाई ओसरीवर तुळशीपुढं वात लावत होत्या. शाइस्तानं आपण कोण, कशाला आलो ते सांगितलं. दुर्गाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, बापाचं नाव विचारलं, शफी पंपवाल्याची पोरगी म्हटल्यावर अजून पाणी दिलं. मग म्हणाल्या, “दिवा लागला न आता. या घरातून दिवा लागल्यावर देनं नसते. ना दूध, ना मीठ, ना इरजन. पांढरं काही नाही. दिसा येजो.”

शाइस्ता म्हणाली, आजी, मला दूध नको, फक्त सही पाहिजे.

“कागद कोन्त्या रंगाचा हाय?” दुर्गाबाईंनी विचारलं.

कागद पांढराच होता.

घरी पोचल्यावर कुलसुमबीनं, म्हणजे तिच्या अम्मीनं, तिचीच खरडपट्टी काढली. “चिराग लगे बाद किसी के दरवाजे पे माँगने जाते क्या?” ती म्हणाली. “मैं भी नहीं देती. वो बाई बराबर बोली.” एकमेकींना कधी न भेटलेल्या दोन बायकांचं एकमत झालेलं पाहून शाइस्ता निमूट जेवली.

दुसऱ्या खेपेला ती भर उन्हात गेली. दुर्गाबाईंनी या वेळी कागद हातात घेतला, वाचून दाखवायला लावला आणि घडी करून परत दिला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

शाइस्तानं तऱ्हेतऱ्हेनं सांगून पाहिलं. अट बदलली तरी शब्द फुकटच राहतील, कोणाचं काही जाणार नाही, उलट जास्त लोकांना मिळतील. औषधवाल्याच्या अ‍ॅपचं सांगितलं. शेवटी, सांगायचं नाही असं ठरवलेलं फरदीनचंही सांगितलं. ते ऐकल्यावर दुर्गाबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

“तुह्या भावाचं आयकून पोटात तुटलं, बाई,” त्या म्हणाल्या. “पन आयक. हे माह्ये मालक गावोगाव हिंडले. लोकायच्या ओट्यावर बसले. लोकं पुसत, हे शब्द नेऊन काय करता, इकता काय? हे म्हनत, नाही इकनार. तवा लोकं बोलत. त्यायनं जबान देली ते एका-दोघाले नाही. आता मानूस गेला म्हून जबान बी गेली काय? मी मोडू?”

शाइस्तानं कागद पिशवीत टाकला आणि ती उठली.

परतीच्या ऑटोत ती इतकी चिडली होती की शेजारच्या बाईनं आपली कोंबडी मांडीवर ओढून घेतली. चीड दुर्गाबाईंवर नव्हती. म्हातारी बरोबर होती, याचीच चीड होती. चूक असती तर समजूत घालता आली असती.

बाळापूर येईपर्यंत मात्र चीड उतरली आणि एक विचार वर आला. तिनं प्रणालीताईंना फोन लावला. विचारलं, पऱ्हाटी हा शब्द देवमनरावांचा आहे का? पलीकडून त्रिकोणमितीच्या वर आवाज चढवून प्रणालीताई म्हणाल्या, शब्द कोणाचेच नसतात, त्यांनी घेतलेली मेहनत त्यांची. मग शाइस्तानं विचारलं, तीच मेहनत मी पहिल्यापासून घेतली तर?

“तर ती तुझी,” त्या म्हणाल्या. “पण आजपासून त्यांचं उघडून एकदा जरी पाहिलंस, एक शब्द जरी तिथून उचललास, तर संपलं. मग मी सही करणार नाही. जमेल?”

जमेल, असं शाइस्तानं सांगितलं. पेरणी तोंडावर होती आणि देवमनरावांना त्या शब्दांसाठी अख्खी निवृत्ती लागली होती, हे तिनं सांगितलं नाही.

कुलदीपनं ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला. मग हळूच म्हणाला, सगळे शब्द उलट्या क्रमानं लावले तर? शाइस्तानं त्याच्यासमोर, त्याला बघायला लावून, दोन्ही संगणकांवरून देवमनरावांची यादी पुसली. कुलदीपनं अंत्ययात्रेला उभं राहावं तसं हात बांधून ते पाहिलं. मग फोन उचलला आणि शेतकानला म्हणाला, “पऱ्हाटीवर चिकटा आला न बापा.”

“क्षमस्व,” शेतकान म्हणाला. “आपले म्हणणे मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगावे.”

“हे पाय,” कुलदीप म्हणाला, “पुन्याहून बदली होऊन आल्यासारखं बोलून राह्यलं.”

तिसऱ्या खेपेला शाइस्तानं कागद नेलाच नाही. ओसरीवर बसून म्हणाली, आजी, त्यांची अट आहे तशी राहू द्या. त्यांचं मला काही नको, ते मी पुसून आले. तुम्ही तुमचं सांगा. मी तुम्हाला काही वाचून दाखवणार नाही, आठवण देणार नाही. तुम्ही बोला, मी ऐकते.

दुर्गाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हा प्रश्न विचारायला माणसांना फारच वर्षं लागली.

“त्यायच्या यादीतले अर्धे माह्येच होते,” त्या म्हणाल्या. “म्या भाकरी थापत सांगावं, त्यायनं आत जाऊन लिवावं. तवा कोनी माही सई मांगली नाही.” मग लगेच, “ते काही नाही. बोलतो मी. काय सांगू?”

हे अर्ध्याचं प्रकरण शाइस्तानं पुढं फोनवर सांगितलं तेव्हा प्रणालीताई म्हणाल्या की हे आपण ऐकलेलं नाही.

अडचण अशी, की वावरं सगळी रिकामी. ढेकळं पडलेली. ज्या झाडावरचे रोग सांगायचे ते झाडच नव्हतं. दुर्गाबाई उठल्या आणि घरामागं जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून एक वाळकी पऱ्हाटी उपसून आणली. तिला एकदोन किडकी बोंडं अजून चिकटलेली होती. ती मांडीवर आडवी घेऊन, बाळाच्या अंगावरचे तीळ दाखवावे तशा त्या बोलू लागल्या. इथं पाती, म्हंजे बारकी कळी लागते. इथं फूल फिरकीसारखं मिटून राह्यलं तर ती डोमकळी, आत अळी हाय समज. पानं लाल झाली की लाल्या. पानावर हात लावला अन् बोट चिकटलं तर चिकटा, पन आयक, चिकट्याले लगेच फवारा मारनारा मानूस येडा.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई आणि सुंदराबाई शेजारून येऊन बसल्या. माणिकबाईंचं माहेर पूर्णेकाठचं, सुंदराबाईंचं डोंगराकडचं. त्यामुळे दुर्गाबाईंनी एक नाव सांगितलं की माणिकबाई दुसरं सांगायच्या आणि सुंदराबाई दोघींच्या माहेरांबद्दल तिसरंच काहीतरी. शाइस्ता सगळं टिपत गेली. माहेरांबद्दलचं तिनं नंतर कापलं.

प्रणालीताईंनी प्रत्येकीच्या आवाजात संमती हवी म्हणून मजकूर पाठवला होता. तो असा होता की सुंदराबाई तो म्हणताना पहिल्या ओळीलाच दमल्या आणि पाणी मागितलं. “हे बोलता येत नाही, माय,” त्या म्हणाल्या. “हे कोनी मेल्यावर वाचतेत काय?”

दुर्गाबाई विचारात पडल्या होत्या. त्यांनी शाइस्ताला विचारलं, तुमच्यात इरजन इकतेत काय? शाइस्ता म्हणाली, नाही, विरजण अम्मी कोणालाही देते, दिवस असला तर.

“मंग असंच,” दुर्गाबाई म्हणाल्या. “आपन इरजन इकत नाही. पन शेजारीन त्याचं दही लावन, ताक करून बाजारात इकन, ते आपन पुसायले जात नाही. फक्त एक. उद्या तिच्या दारात कोनी वाटी घेऊन आलं, तर तिनं नाही म्हनाचं नाही. लाव तुह्यं मशीन.” आणि त्या मशीनमध्ये सरळ बोलल्या: “हे शब्द कोनीबी घ्या, काहीबी करा. पन मांगनाऱ्याले नाही म्हनू नका.”

शाइस्तानं ते वाक्य ऑटोत बसल्या बसल्या पुन्हा ऐकलं. जगभरच्या त्या न पाहिलेल्या लोकांनी पानंच्या पानं भरून जे लिहिलं होतं त्याच्या शेजारी हे बसत होतं, कोपर न लागता. ते लिहून नेल्यावर प्रणालीताईंनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, आणि चहा न मागवता सही केली.

शेवटच्या दिवशी दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या होत्या की एक शब्द सोडून सगळे देऊन झाले. तो कुठल्या किडीचा, हे शाइस्तानं विचारलं.

“किडीचा कायचा,” त्या म्हणाल्या. “हे वावरात असत अन् मी शिदोरी घेऊन धुऱ्यावर आली की मले दुरून एका नावानं हाक देत. माह्यं नाव नव्हे. त्यायनंच पाडलेलं. मले म्हनत, हे बी यादीत टाकतो. म्या हटकलं.” आणि त्यांनी पऱ्हाटीवरची धूळ झटकली. ते नाव काय, हे शाइस्तानं विचारलं नाही.

पेरणीच्या आधी शेतकान तयार झाला. तो आता तिन्ही बायकांच्या बोलीत ऐकायचा आणि एकदा तर सुंदराबाईंसारखं फटकून बोलला, असं कुलदीपचं म्हणणं होतं. अमरावतीला देण्याआधी शाइस्ता फोन घेऊन सावरखेडला गेली. तिला वाटलं, पहिल्यांदा तिथंच बोलला पाहिजे.

माणिकबाईंनी चिकट्याचं विचारलं. शेतकान म्हणाला, फवारू नका, थांबा. सुंदराबाईंनी त्याला माणिकबाईंच्या माहेराबद्दल विचारलं, त्यावर तो म्हणाला, हा शब्द मला माहीत नाही. दोघी पोट धरून हसल्या. शाइस्ताही हसली. त्या गडबडीत दुर्गाबाईंनी फोन उचलला आणि अंगणाच्या टोकाला, पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ इकडं. पदर तोंडाशी. फोन अगदी ओठाजवळ नेऊन त्या काहीतरी बोलल्या, एकच शब्द असावा, इतकं थोडं.

शेतकानचा आवाज मात्र शाइस्तानं शेतात ऐकू जावा असा मोठा ठेवला होता.

“हा शब्द मला माहीत नाही,” तो म्हणाला. “शिकवायचा असेल तर एक दाबा.”

दुर्गाबाई तशाच उभ्या होत्या. फोननं पुन्हा विचारलं. ओसरीवर कोणी हसत नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा फोन तिसऱ्यांदा विचारत होता. त्यांनी तो पदरानं पुसला, काही न दाबता शाइस्ताच्या हातात दिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या वाटी घेऊन. वाटीत विरजण होतं, वर ताटली झाकलेली.

“तुह्या अम्मीले देजो,” त्या म्हणाल्या. “ऊन हाय तवर ने.”